आरसा, रेषा आणि पडदा : आत्मचित्राविषयी काही विचार



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. शिक्षकाची खरी स्मृती त्याच्या तसबिरीपेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांच्या पाहण्याच्या पद्धतीत अधिक काळ टिकते, अशी माझी श्रद्धा आहे. म्हणूनच आज ‘पाहणे’ हाच विषय मी निवडला आहे. आणि त्यातही सर्वांत अवघड असे पाहणे, ते म्हणजे स्वतःला पाहणे. चित्रकार स्वतःचे चित्र कसे काढतो, हाती कॅमेरा आल्यावर त्या चित्रात काय फरक पडला, आणि रेषा व चलत्चित्र यांचा संयोग करणाऱ्या कलावंतांनी ‘मी’ या शब्दाविषयी आपल्याला काय शिकविले, याचा थोडा विचार आपण करणार आहोत.

हा विषय मोठ्या शहरांतल्या कलादालनांचा आहे, दापोऱ्यात त्याचे काय प्रयोजन, अशी शंका कोणाच्या मनात येईल. मला उलट वाटते. आपण सीमेवरची माणसे आहोत. आपल्या घरात मराठी आणि सरकारी कचेरीत हिंदी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राजवट संपली. त्यानंतर बऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत खानदेशाचे जळगाव व धुळे एका बाजूला आणि बऱ्हाणपूर दुसऱ्या बाजूला राहिले. २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. महाराष्ट्रात गेलो की आपण मध्य प्रदेशचे, आणि भोपाळला गेलो की मराठी. बऱ्हाणपूर म्हटले की परका माणूस १६३१ साली येथे निवर्तलेल्या मुमताज महलची गोष्ट सांगतो. येथे आज जगणाऱ्या माणसाविषयी तो क्वचितच काही विचारतो. इतरांनी काढलेल्या आपल्या चित्रांत आपण राहत आलो आहोत. अशा माणसांनी स्वतःचे चित्र स्वतः कसे काढावे, हा प्रश्न आपल्या दृष्टीने हौसेचा नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. आत्मचित्र काढणारा माणूस एकाच वेळी पाहणारा आणि पाहिला जाणारा असतो. ही दुहेरी भूमिका फार लवकर सुरू होते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १४८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, चांदीच्या टोकदार लेखणीने स्वतःचे एक चित्र काढले. ते आज व्हिएन्नातील आल्बर्टिना संग्रहालयात आहे. आपण लहान असताना आरशात पाहून हे काढले, अशी नोंद त्याने पुढे त्या कागदावर केली. विद्यार्थी मित्रहो, तो मुलगा तुमच्यापैकी आठवी-नववीत शिकणाऱ्यांच्या वयाचा होता. त्याच्यापाशी सोनाराच्या कामशाळेतल्या मुलाचा हात होता, एक आरसा होता आणि बसून राहण्याची चिकाटी होती.

परंतु आरसा पूर्ण खरे सांगत नाही. आरशात आपली उजवी बाजू उजवीकडेच दिसते; समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती त्याच्या डावीकडे दिसते. म्हणून उजव्या हाताने काम करणारा चित्रकार आरशात पाहून स्वतःला जसाच्या तसा रंगवू लागला, तर चित्रात तो डावखुरा होतो. रेम्ब्रांटने कुंचला, लेखणी व कोरणी मिळून सुमारे ऐंशी आत्मचित्रे केली. त्यांतील लंडनच्या केनवुड हाउसमधील उतारवयातल्या चित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्याने आरशात दिसले तसे हात आधी रंगवून मागाहून त्यांची अदलाबदल केल्याचे आढळले. चेहरा आरशातला आणि हात इतरांना दिसतील तसे, अशी ती तडजोड आहे. ‘मला मी जसा दिसतो’ आणि ‘लोकांना मी जसा दिसतो’ यांतील अंतर त्या एका दुरुस्तीत उघड झाले आहे.

हे अंतर मनातही असते. १९७७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींची छायाचित्रे दोन प्रकारे छापली: एक सरळ आणि एक आरशातल्यासारखे उलट. त्या विद्यार्थिनींना स्वतःचे उलट छायाचित्र अधिक आवडले, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. कारण सोपे आहे. जे रूप आपण रोज पाहतो ते आपल्याला आपले वाटते. आज खिशातल्या मोबाइलवर हाच अनुभव येतो. पुढचा कॅमेरा चालू केला की पडद्यावर आरशासारखी उलट प्रतिमा दिसते. अनेक मोबाइलांत फोटो टिपल्यावर ती सरळ होऊन साठविली जाते, आणि आपण म्हणतो, ‘मी असा का दिसतोय?’ त्या क्षणी आपण स्वतःला इतरांच्या डोळ्यांनी पाहत असतो.

व्हिडिओने कलावंतांच्या हाती नेमके हेच दिले. चित्रपटाची फीत रसायनात धुवून मगच पाहता येत असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हातात धरता येणारी व्हिडिओयंत्रे बाजारात आली आणि जे टिपले जात आहे ते त्याच क्षणी शेजारच्या पडद्यावर दिसू लागले. अमेरिकन कलावती जोन जोनास यांनी १९७२ साली ‘डावी बाजू, उजवी बाजू’ या अर्थाच्या नावाची एक छोटी व्हिडिओकृती केली. त्यात त्या आरसा आणि व्हिडिओचा पडदा यांच्या मध्ये राहून आपली डावी बाजू कोणती, उजवी कोणती, हे पुन्हा पुन्हा सांगत राहतात. आरसा एक सांगतो, पडदा दुसरे. पाहणाऱ्याचा गोंधळ होतो आणि हळूहळू बोलणाऱ्या बाईंचाही. त्यांच्या त्याच काळातील प्रयोगांत त्या कागदाकडे न पाहता पडद्याकडे पाहून रेखाटन करीत. हात कागदावर, डोळा पडद्यावर. आपल्याला अगदी ओळखीचे वाटणारे आपले शरीर पडद्यावरून पाहू लागलो की किती परके होते, हे त्या रेषांच्या अडखळण्यातून कळते.

आता आपल्या भूमीवर येऊ. रेषा आणि हलणारे चित्र यांची गाठ आपल्याकडे व्हिडिओपूर्वी फार आधी पडली, आणि ती एका मराठी माणसाने बांधली. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. रेखाटन, रंगकाम, छायाचित्रण, मुद्रण या वाटांनी ते चित्रपटाकडे आले. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून त्यांनी तिचा चित्रपट केला, आणि आगकाड्या एकेक करून हलवीत ‘आगकाड्यांची मौज’ घडविली. १९१७ मधील ‘चित्रपट कसे तयार करतात’ या छोट्या पटात तर ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर आले. दिग्दर्शन करणारे, फीत तपासणारे, जोडणारे फाळके आपल्याला त्यात दिसतात. हे एका कारागिराचे आत्मचित्र आहे. ‘मी कोण’ या प्रश्नाला त्यांनी चेहऱ्याने उत्तर दिले नाही. ‘मी काय करतो, कसे करतो’ हे दाखवून दिले. हाताने काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला हे उत्तर आपलेसे वाटावे.

पुढचा टप्पा मुंबईचाच. १९६९ साली चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ नावाची कार्यशाळा उभी केली. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकमेकांची साधने हाताळून पाहावीत, हा तिचा उद्देश. पदमसींनी तेथे बिंदू आणि रेषा यांच्या शेकडो रेखाटनांतून ‘सिझिजी’ हा मूकपट केला. त्यात माणूस नाही, चेहरा नाही. रेषा कशी विचार करते तेवढेच आहे. त्याच कार्यशाळेत नलिनी मालानी ही विशीतली चित्रकर्ती काम करीत होती. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेली आणि फाळणीमुळे तान्हेपणीच घर सुटलेली ही मुलगी. पुठ्ठ्याच्या छोट्या घरांवर रंगीत प्रकाश पाडून तिने तेथे स्वप्नातल्या वस्तीचा एक लघुपट केला. काही वर्षांनी, १९७६ मध्ये, तिने दुसरा पट टिपला, तो कृष्णधवल: एक तरुणी उंचावरून खऱ्या मुंबईकडे पाहत आहे. पुढे हे दोन्ही पट ‘युटोपिया’ या एकाच कृतीत शेजारी शेजारी दाखविले गेले. एकीकडे आपण पाहिलेले स्वप्न, दुसरीकडे त्याचे झालेले रूप. एका पिढीने स्वतःला आरशात पाहावे तसे ते आहे.

मालानी यांच्या कामात पुढे एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे पुसून टाकणे. १९९२ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांनी भिंतींवर थेट रेखाटने केली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. नाथद्वारा येथील भित्तिचित्रांची होत असलेली हेळसांड हे त्यामागचे निमित्त होते. विकता येईल, घरी नेता येईल असे त्यातून काहीच उरले नाही. अलीकडच्या ‘कॅन यू हिअर मी?’ या कृतीत त्यांनी टॅब्लेटच्या काचेवर बोटाने काढलेली अठ्ठ्याऐंशी छोटी चलत्चित्रे नऊ प्रक्षेपणांतून अंधाऱ्या दालनाच्या भिंतींवर एकमेकांवर पडतात. चेहरे उमटतात, विरतात; अक्षरे येतात, खोडली जातात; एक मुलगी दोरीवरून उड्या मारते. अशा दालनात शिरणे म्हणजे एखाद्याच्या डोक्यात शिरण्यासारखे आहे. ड्यूररने आपला चेहरा बाहेरून काढला. मालानींनी कपाळाच्या आतली गर्दी दाखविली. स्वतःचा चेहरा न काढताही आत्मचित्र होऊ शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या माताभगिनींना यात नवे काही वाटणार नाही. अंगणातली रांगोळी रोज काढली जाते आणि रोज पावलांखाली विस्कटते. तिच्याखाली कोणी सही करीत नाही. तरीही कोणत्या घरासमोरची रांगोळी कोणाच्या हातची, हे आळीतल्या बायका दुरून सांगतात. तीही त्या हाताची ओळख आहे.

पुसण्याचा सर्वांत खोल विचार दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज या चित्रकाराने केला. रेखाटन, चलत्चित्र आणि आत्मचित्र या तिन्ही धाग्यांची गुंफण त्यांच्या कामात आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. त्यांचा जन्म १९५५ चा, जोहान्सबर्गचा. वर्णभेदाच्या राजवटीत अन्यायग्रस्तांची बाजू न्यायालयात मांडणाऱ्या गोऱ्या वकिलांच्या घरात ते वाढले. १९८९ पासून त्यांनी कोळशाच्या रेखाटनांचे छोटे पट करण्यास आरंभ केला. त्यांची पद्धत अगदी साधी आहे. भिंतीवर मोठा कागद लावायचा, कोळशाने चित्र काढायचे, कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन चौकटी टिपायच्या, परत कागदापाशी येऊन चित्राचा थोडा भाग पुसायचा, तेथे नवी रेषा काढायची, पुन्हा कॅमेऱ्यापाशी जायचे. नेहमीच्या चलत्चित्राला हजारो चित्रे लागतात. त्यांचा एक पट काही डझन कागदांवर पुरा होतो. कोळसा मात्र पूर्णपणे पुसला जात नाही. माणूस चालत पुढे गेला, तरी तो आधी जेथे होता तेथे राखाडी डाग उरतो. भूतकाळ पडद्यावर डागाच्या रूपाने दिसत राहतो.

या पटांत दोन माणसे आहेत. सोहो एकस्टाइन हा पट्ट्यापट्ट्यांचा सूट घातलेला खाणमालक, आणि फेलिक्स टाइटलबाउम हा विवस्त्र, स्वप्नाळू, एकाकी माणूस. फेलिक्सला चित्रकाराने आपला चेहरा दिला. तो संवेदनशील आहे, दुःखी आहे. त्याच्यात स्वतःला पाहणे सोपे होते. पण जसजसे पट होत गेले, तसतसा सोहोचा चेहराही चित्रकाराच्या चेहऱ्याकडे झुकत गेला. ज्याच्या खाणीत काळे मजूर राबतात, जो टेबलाशी बसून जेवतो आणि हिशेब करतो, तोही मीच, हे त्या हाताने हळूहळू कबूल केले. कोऱ्या कागदाला सामोरे जाऊन ‘मी चांगला आहे’ असे सांगणे सोपे असते. काढताना, पुसताना, पुन्हा काढताना मात्र हात कधी कधी असे काही उमटवितो, जे मनाने लपविले होते.

करोनाच्या टाळेबंदीत केंट्रिज आपल्या चित्रशाळेत अडकून पडले, तेव्हा त्यांनी नऊ भागांची एक व्हिडिओमालिका सुरू केली. ती २०२४ साली सर्वांसाठी प्रदर्शित झाली. तिचे नाव ‘कॉफीची किटली : एक आत्मचित्र’ अशा अर्थाचे आहे. तिच्यात कॅमेऱ्याच्या किमयेने दोन केंट्रिज समोरासमोर बसतात आणि एकमेकांशी वाद घालतात. एक म्हणतो असे घडले, दुसरा म्हणतो तसे नव्हते. स्वतःच्या आठवणीवर स्वतःच घेतलेली ती उलटतपासणी आहे. आणि किटली कशाला? तर रोज हाताळलेली वस्तूही माणसाविषयी नाकडोळ्यांइतकेच सांगते म्हणून.

वस्तूंचा विषय निघाला की आपल्या मातीतले एक नाव टाळता येत नाही. मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मले आणि इंदूरला वाढले. नारायण श्रीधर बेंद्रे हे थोर चित्रकारही इंदूरचेच. म्हणजे माळवा-निमाडच्या या पट्ट्याने भारतीय कलेला काय दिले, हे आपण विसरता कामा नये. हुसेन यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला आणि त्याला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. त्यात कथा नाही, निवेदन नाही. राजस्थानची वाळू, किल्ले, माणसे, आणि त्यांच्यामध्ये मध्येच येणारे कंदील, छत्री व जोडा. याच वस्तू त्यांच्या चित्रांतही वर्षानुवर्षे येत राहिल्या. कंदील आणि छत्री यांचे नाते त्यांच्या आजोबांच्या आठवणीशी आहे. आणि आई? ती त्यांच्या तान्हेपणीच गेली. तिचे एकही छायाचित्र उरले नव्हते. त्यांनी रंगविलेल्या मातृरूपांना बहुधा चेहरा नसतो, तो यामुळे. जो चेहरा आठवत नाही, तो त्यांनी खोटा रंगविला नाही. ती जागा मोकळी ठेवली. ज्या माणसाने इतके चेहरे रंगविले, त्याच्या आत्मचित्राचे केंद्र कदाचित ती मोकळी जागाच असेल.

मित्रहो, या सर्व उदाहरणांतून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. ‘मी’ ही एकदा टिपून चौकटीत लावण्याची वस्तू नाही. आरसा एक बाजू सांगतो, कॅमेरा दुसरी. रेषेला वेळ लागतो, म्हणून तिच्यात निवड असते. कॅमेरा क्षणात टिपतो, म्हणून आपण न निवडलेलेही त्यात येते. कलावंतांनी ही दोन्ही साधने एकत्र आणली, तेव्हा त्यांना तयार चेहऱ्याऐवजी चेहरा घडताना दिसला. खोडलेल्या रेषांसह, बदललेल्या मतांसह. आज आपण मोबाइलवर दिवसाकाठी अनेकदा स्वतःला टिपतो, नको तो फोटो काढून टाकतो, उरलेला गुळगुळीत करून पुढे पाठवितो. त्या पुसण्यात डाग उरत नाही, आणि म्हणून त्यातून शिकायलाही काही उरत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. आपल्या गावाचे, आपल्या सीमेवरच्या समाजाचे आत्मचित्र काढायचे झाले, तर त्यात काय येईल? तापीचे पाणी येईल, केळीच्या बागा येतील, घरातली बोली येईल. ‘आमच्याकडे कोणी पाहत नाही’ ही आपली रास्त तक्रारही येईल. हा आपला फेलिक्स झाला. परंतु सोहोचे काय? सातपुड्यातून खाली उतरून दुसऱ्याच्या शेतात राबणारा कोरकू, भिल्ल किंवा भिलाला मजूर आपल्या चित्रात कोठे उभा असतो? ज्या शाळेत आपल्या मुलाच्या बोलीला कोणी हसले तर आपल्याला लागते, त्याच शाळेत आपण कोरकू मुलाच्या बोलीला हसतो का? इतरांनी आपले चित्र अपुरे काढले, ही गोष्ट खरी. आपण इतरांचे कसे काढतो, हेही आपल्या आत्मचित्राचाच भाग आहे. हा प्रश्न कोणाला दुखवावे म्हणून विचारलेला नाही. चित्रकाराने जो धीर कोळशाने दाखविला, तो आपण विचाराने दाखवावा, इतकेच माझे मागणे आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक छोटा उद्योग सुचवितो. त्याला पैसा लागत नाही. एक मोठा कागद घ्या, चुलीतल्या कोळशाचा तुकडा घ्या. आरशासमोर बसून आपला चेहरा काढा. मित्राला मोबाइल एका जागी स्थिर धरून एक छायाचित्र घ्यायला सांगा. मग डोळे पुसून पुन्हा काढा, पुन्हा छायाचित्र. असे तीस-चाळीस वेळा करा. कधी आरशात पाहून काढा, कधी मित्र सांगेल तसे, कधी डोळे मिटून. ती सर्व छायाचित्रे एकापाठोपाठ भराभर पाहा. कागदावर तुमच्याशी थोडासा मिळताजुळता, सतत बदलणारा, मागे डाग ठेवीत जाणारा एक चेहरा हलू लागेल. मग तोच कागद घेऊन घरी आजीसमोर बसा आणि तिचा चेहरा काढा. तिने तुम्हाला लहानपणापासून पाहिले आहे; तुम्ही तिला असे किती वेळ पाहिले आहे, हे तेव्हा समजेल.

पुढील वर्षी या व्याख्यानाच्या वेळी शाळेच्या भिंतीवर असे कागद लागलेले असावेत, आणि त्यांत सातपुड्यातल्या मुलांच्या हातचेही असावेत, अशी इच्छा व्यक्त करतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्या फळ्यावरही दिवसभरात कितीतरी लिहिले आणि पुसले गेले असेल. त्या पुसलेल्या अक्षरांतूनच आपण घडलो.